गगनबावड्याच्या चिखलात डर्ट बाईक चालवतो. मागच्या सस्पेन्शनच्या बेअरिंगची निगा कशी राखावी?

पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा लिंकेज, म्हणजे मागच्या शॉकला चाक धरणाऱ्या दांड्याशी (स्विंगआर्मशी) जोडणारे सांधे, खोलाच. नवी गाडी असेल तर तिचंही खोला, कारण कंपनीतून ग्रीस बऱ्याचदा जेमतेमच येतं.

आधी प्ले, म्हणजे सांध्यातला ढिलेपणा, तपासा. गाडी स्टँडवर घेऊन मागचं चाक अधांतरी ठेवा आणि हाताने वर-खाली उचला. शॉक दबण्याआधीच खट्‌कन लागलं, तर लिंकेजमध्ये नाहीतर शॉकच्या बोल्टपाशी झीज आहे. चाक आडवं हलत असेल, तर स्विंगआर्मचा पिव्हट (तो ज्यावर फिरतो तो सांधा) आणि चाकाची बेअरिंगही बघा.

खोलताना खाली स्वच्छ फडकं अंथरा. आतली स्लीव्ह (बोल्ट ज्यातून जातो ती नळी) निघाली की काही बेअरिंगमधल्या सुईसारख्या बारीक रोलर घरंगळतात, आणि त्यातली एकही हरवून चालत नाही. रॉकेल किंवा डिझेलने धुवा, पूर्ण सुकवा. मग स्लीव्हवरून नख फिरवा. नख खाचेत अडकलं तर बेअरिंग आणि स्लीव्ह दोन्ही बदला. नुसतं गंजाचं पाणी दिसलं तर सील बदला, कारण पाणी तिथूनच शिरतं. वॉटरप्रूफ ग्रीस रोलरच्या मधल्या फटींत बोटाने दाबून भरा, नुसतं वरून चोपडू नका.

नवं बेअरिंग हातोडीने ठोकू नका. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात प्रेसवर बसवून घ्या. बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या जोरानेच) आवळा.

आणि वॉशिंगला प्रेशरचा फवारा लिंकेजवर थेट मारू देऊ नका. लाल माती ओली असतानाच साध्या पाण्याने निघते.