मध्य अमेरिकेतला बेलीझसारखा चिमुकला देश नेमका चालतो कशावर?

आधी लाकडावर, मग साखरेवर आणि आता समुद्रावर. पण हे समजायला पार्श्वभूमी बघावी लागते, आणि ती लाकडापाशीच सुरू होते.

सतराव्या शतकात इंग्रज लाकूडतोडे इथे आले ते लॉगवुडसाठी. त्यातून कापडाचा रंग निघायचा. त्याचा भाव पडला तसे ते महोगनीकडे वळले. तोड करायचे ते आफ्रिकेतून आणलेले गुलाम. झेंड्यावर आजही महोगनीचं झाड आहे. या लाकूडवाल्यांना वसाहतीत शेती रुजायला नकोच होती. पुढे तर खासगी जमिनीपैकी जवळजवळ निम्मी एकाच कंपनीकडे गेली. बेलीझ अजूनही बरंच अन्न आयात करतो, त्याचं मूळ मला इथेच दिसतं.

शेती आणली ती बाहेरून आलेल्यांनी. १८४७ मध्ये शेजारच्या मेक्सिकोतल्या युकातानमध्ये माया या मूळ रहिवाशांचा उठाव झाला, तिथून पळालेल्या निर्वासितांनी उत्तरेत ऊस लावला. १९५८ मध्ये जर्मन बोलीचे मेनोनाइट, म्हणजे एका ख्रिस्ती पंथाचे लोक, आले. आज देशातली कोंबडी, अंडी, दूध मुख्यतः त्यांचंच. उत्तरेतल्या कोरोझालजवळ चक्क ‘कलकत्ता’ नावाचं गाव आहे, तिथे भारतातून आणलेल्या मजुरांचे वंशज राहतात.

१९७३ पर्यंत नाव ब्रिटिश होंडुरास, स्वातंत्र्य २१ सप्टेंबर १९८१ ला. इतका उशीर का, तर शेजारचा ग्वाटेमाला या भूमीवर हक्क सांगतो. दोघांनीही सार्वमत घेऊन तो वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला आहे. लोकसंख्या सुमारे चार लाख, राजभाषा इंग्रजी. दोन बेलीझ डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर, हा दर कित्येक दशकं हललेला नाही.

साखर, केळी, संत्री अजून निर्यात होतात. २००५ मध्ये स्पॅनिश लुकआउट या गावी तेलही सापडलं, पण साठा किरकोळच. खरी कमाई पर्यटनाची, म्हणजे प्रवाळभिंतीची. २०२० मध्ये पर्यटक थांबले आणि सरकारला कर्जाचे हप्ते जड झाले. मग २०२१ मध्ये एक गंमतशीर सौदा झाला. नेचर कॉन्झर्व्हन्सी या निसर्गसंवर्धन संस्थेच्या मदतीने बेलीझने सुमारे ५५ कोटी अमेरिकन डॉलरचे आपले कर्जरोखे डॉलरला ५५ सेंट भावाने परत घेतले आणि बदल्यात आपला ३० टक्के समुद्र राखण्याचं लेखी वचन दिलं. तेलासाठी समुद्र खोदायला तर त्याआधीच, २०१७ मध्ये, बंदी घातली होती. माझ्या मते हा निव्वळ निसर्गप्रेमाचा निर्णय नव्हता: प्रवाळ मेलं तर पर्यटक कशाला येतील?