मुंबईत 35 वर्षं जुन्या इमारतीत फ्लॅट घेतलाय. 5 लाखांत काम काढायचं तर पैसे कुठे घालावे आणि कुठे वाचवावे?

तुम्ही लिहिलंय की फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे, मिस्त्री म्हणतो बाथरूमची जुनी लादी न तोडता वरूनच नवी बसवतो, आणि त्यात जे वाचेल त्यातून हॉलला फॉल्स सीलिंग होईल. असं करू नका. बाकीचं उत्तर नाही वाचलंत तरी चालेल, पण बाथरूम स्लॅबपर्यंत तोडा आणि फॉल्स सीलिंगचे पैसे तिथे घाला.

एवढं ठासून सांगते, कारण हाच वाद आमच्या घरात झाला होता आणि आजही सणावाराला सगळे जमले की तो निघतोच.

आम्ही मुलुंड पूर्वेला 1984 च्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके घेतला. कर्ज काढून घेतलेलं घर, हातात पैसा मोजका. माझे थोरले दीर मदतीला होते. त्यांनी त्याच सुमारास स्वतःच्या घराचं काम केलं होतं, त्यामुळे मिस्त्रीही त्यांचा आणि बोलणीही त्यांनीच केलेली. ठरलं होतं ते असं: बाथरूममध्ये लादीवर लादी, हॉलला पीओपीचं फॉल्स सीलिंग, किचनला ट्रॉल्या. भाऊजी म्हणाले, "आलेला माणूस हॉल बघतो. लादीच्या खाली काय आहे ते कोण बघायला जातंय?"

मी बघायला गेले होते. टोकन देण्याआधी खालच्या मजल्यावरच्या काकूंची बेल वाजवली आणि त्यांच्या बाथरूमचं छत बघू द्या म्हटलं. जुना फ्लॅट घेणाऱ्या प्रत्येकाने हे करावं, पाच मिनिटांचं काम आहे. छताला पोपडे आले होते, कडेने पांढरा लोणा फुटला होता आणि एका कोपऱ्यात ढलपी पडून सळई उघडी दिसत होती. काकू म्हणाल्या, आधीच्या मालकाला सांगून सांगून तोंड दुखलं, तो दर वेळी पांढरं सिमेंट भरून जायचा.

ती सळई बघितल्यावर माझ्यासाठी विषय संपला होता. काँक्रीट नवं असतं तोवर त्यातल्या लोखंडाला गंज चढत नाही. वर्षं जातात तशी हवा आत मुरते आणि काँक्रीटचा तो गुण जातो. त्यात वरून रोजचं पाणी झिरपत राहिलं की सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फुटतं. छत काकूंचं म्हणायचं, पण आंघोळीला त्याच स्लॅबवर आपण उभे राहतो.

शिवाय लादीवर लादी म्हणजे वजन. मसाला आणि लादी मिळून दोन इंचांचा थर धरला तर चौरस फुटाला 10 किलोच्या आसपास भार वाढतो. आधीच कुजत आलेल्या स्लॅबवर हा भार कशासाठी टाकायचा?

शेवटी मी ट्रॉल्या सोडल्या, पीओपी सोडलं, जुना कडाप्प्याचा ओटा तसाच ठेवला आणि त्या पैशात बाथरूम आणि संडास दोन्ही स्लॅबपर्यंत फोडून घेतले. खाली निघालं काय, तर भरावातले विटांचे तुकडे हाताने दाबले की पाणी सुटत होतं. घर कित्येक महिने बंद होतं, तरीही. भिंतीतली जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची, जुनी पाइप कापली तर आतून गंजाने इतकी भरलेली की करंगळी जाईना. तीही सगळी बदलून सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारी प्लास्टिकची पाइप, टाकली आणि प्लास्टर करायच्या आधी दाबाची चाचणी घ्यायला लावली.

मग स्लॅब साफ करून भेगा भरल्या, वॉटरप्रूफिंगचे हात दिले, ते भिंतीवरही फूटभर चढवले, वर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर, केला. तो ओला ठेवायचा असतो, निदान 7 ते 10 दिवस. मिस्त्रीला दुसऱ्याच दिवशी लादी लावायची घाई होती. त्याला मी सांगितलं, आधी पाणी भरून ठेवायचं, लादीचं नंतर बघू.

यावरून घरात खरी ठिणगी पडली. महापालिकेचं पाणी आमच्याकडे सकाळी ठरावीक वेळच येतं, आणि मी बादल्यांवर बादल्या मोकळ्या बाथरूममध्ये ओततेय हे भाऊजींना बघवेना. तरी मी नहाणीचं तोंड बंद केलं, चार बोटं पाणी भरलं आणि भिंतीवर पाण्याच्या रेषेला पेन्सिलने खूण केली. शेजारी एक बादली भरून ठेवली आणि तिच्यावरही आतून तशीच खूण केली. सकाळी भिंतीवरची रेषा बोटभर खाली गेली होती. मिस्त्री म्हणाला, ताई, पाणी उडून गेलं. मी बादली दाखवली. तिच्यातलं पाणी जवळजवळ जागच्या जागी होतं. मग म्हणाला, कोऱ्या कोब्याने पाणी पिलं असेल. ते शक्य होतं, म्हणून परत खुणेपर्यंत भरून आणखी एक दिवस थांबले. पुन्हा रेषा खाली, बादली तशीच.

त्यानंतर मात्र मिस्त्री मुकाट्याने खाली बसला. दोष नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीतल्या पाणी जायच्या भांड्याच्या, गळ्याशी निघाला. पाइप आणि कोबा यांच्यामध्ये केसाएवढी फट होती. ती जागा फोडून नीट भरली, सुकू दिली, परत पाणी भरलं. या खेपेला रेषा हलली नाही. काकूंनीही खालून बघून सांगितलं की कोरडं आहे. मगच लादी. तुम्हीही बादलीची खूण नक्की करा, म्हणजे मिस्त्रीशी वाद घालत बसावं लागत नाही.

भाऊजींच्या घरी लादीवर लादीच बसली होती. जमीन उंच झाल्यामुळे बाथरूमचं दार खालून कापावं लागलं आणि पाणी उंबऱ्यावरून पॅसेजमध्ये यायला लागलं. पुढे खालच्या घराच्या छताला ओल आली, सोसायटीची पत्रं सुरू झाली आणि शेवटी दोन्ही थर फोडून सगळं नव्याने करावं लागलं. खर्च दुप्पट आणि मनस्ताप वेगळा. ते अजून म्हणतात, "बिल्डिंगच जुनी, त्याला आपण काय करणार?" आमची इमारतही त्यांच्याइतकीच जुनी आहे. काकूंच्या छताची दुरुस्ती झाल्यावर त्यावर परत डाग आलेला नाही. बिल्डिंगचं वय हे कारण होऊ शकत नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय आणि इथेही लिहिते.

आता तुमचे बाकीचे पैसे. पाण्यानंतर वीज. वायरिंग जुनं असेल तर सगळंच बदला. एसी आणि गीझरला 4 चौरस मिलिमीटरची वेगळी तार, मुख्य पेटीत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच), आणि अर्थिंग खरंच आहे का ते तपासून घ्या. त्यानंतर खिडक्या, कारण मुंबईचा पाऊस आडवा येतो. फ्रेम आणि भिंत यांच्यातली फट बाहेरून सीलबंद नसेल तर आतल्या रंगाला काही अर्थ नाही. ओल्या भिंतीवर पुट्टी मारू देऊ नका, पहिल्याच पावसाळ्यात ती फुगते. किचनच्या ट्रॉल्या, वॉर्डरोब, पीओपी हे सगळं नंतर, राहता राहता, पैसे येतील तसं करता येतं. बाथरूम राहत्या घरात फोडायचं म्हणजे काय हाल होतात ते भाऊजींच्या घरी विचारा.

काम दिवाळीनंतर काढा. एक पावसाळा घर तसंच बघता आलं तर फार बरं, ओल कुठून येते ते आपोआप कळतं.

मिस्त्रीला बीम आणि कॉलमला छिन्नी लावू देऊ नका, मग कन्सील्ड पाइपसाठी असो की मोकळ्या किचनसाठी. 2017 च्या जुलैत घाटकोपरची चार मजली इमारत कोसळून 17 माणसं गेली, तेव्हा तळमजल्यावर चाललेल्या फेरफाराच्या कामाकडे बोट दाखवलं गेलं होतं. भिंत पाडायची असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा आणि सोसायटीची लेखी परवानगी घ्या.

गळतीचा खर्च कुणी करायचा हेही ठाऊक असू द्या. घरातल्या संडास-बाथरूममधून खाली गळत असेल तर खर्च आपला. पावसाचं पाणी बाहेरून येत असेल किंवा बाहेरच्या सामाईक पाइपमधून गळत असेल, तर तो सोसायटीचा. गच्चीतून पाणी झिरपून सगळ्यात वरच्या मजल्याचं छत खराब झालं तर तेही सोसायटीनेच करायचं, सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत (सरकारच्या नमुना नियमांत) स्पष्ट लिहिलंय. त्याच उपविधींप्रमाणे 30 वर्षांपुढच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) दर 3 वर्षांनी व्हायला हवं. तुमची 35 वर्षांची आहे, तेव्हा शेवटचा अहवाल मागून घ्या. दुरुस्ती निधी दरसाल बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठी किंवा पुनर्बांधणीसाठी साठवायचा निधी) 0.25 टक्के जमा होतो का, हेही विचारा. जिथे हे दोन्ही नीट गोळा होत नाहीत तिथे मोठी दुरुस्ती निघाली की एकदम हजारोंची मागणी येते.

हे सगळं मी माझ्या आणि आसपासच्या घरांच्या अनुभवावरून सांगतेय, इंजिनिअर नाही. तुमच्या बाथरूमचा स्लॅब खोलगट (पाइपसाठी खाली उतरवलेला) नसून सपाट असेल तर पाइपची मांडणी वेगळी होते, ते जागेवर बघूनच ठरवावं लागेल. सळई उघडी पडली असेल तर नुसतं वॉटरप्रूफिंग पुरत नाही, गंज काढून त्या भागाची दुरुस्ती वेगळी करावी लागते.

आणि एक गोष्ट खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवी होती: तुमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला चालली आहे का? सेक्रेटरींना भेटून विचारा. बिल्डरशी करार झाला असेल तर फक्त नळ आणि वायरिंग सुरक्षित करून घ्या, 5 लाखांतल्या बाकीच्या पैशांना हात लावू नका. नुसतीच चर्चा चालू असेल तर मात्र थांबू नका, आमच्या इमारतीत ती चर्चा आम्ही राहायला आलो तेव्हापासून चालू आहे.