कंपनीचा मालक बदलला की गाडीचा भरवसाही बदलतो का?

तुम्ही लिहिलंय की एमजीची हेक्टर गाडी घ्यायचं मनात आहे, पण बाबा अडून बसलेत. त्यांचं म्हणणं, “हलोलच्या त्याच कारखान्यातून शेवरलेट उठून गेली, आता चिनी आलेत, उद्या तेही जातील. भरवसा कसला धरायचा?”

मी बडोद्यात जुन्या गाड्या तपासून द्यायचं काम करतो, अठरा वर्षं झाली. गिऱ्हाईक गाडी पसंत करतं, मी बॉनेट उघडतो, खाली शिरतो, चालवून बघतो आणि घ्या की सोडा ते सांगतो. या कामातून जे दिसलं त्यावरून सांगतो: बाबांचं अर्धं बरोबर आहे. पण ‘चिनी आलेत’ या ज्या अर्ध्यावर त्यांचा जोर आहे, ते नव्हे.

आधी हलोलचं. बडोद्याजवळ, पावागडच्या पायथ्याला, अमेरिकेच्या जनरल मोटर्सचा म्हणजे जीएमचा कारखाना सुरू झाला 1996 मध्ये, पहिली गाडी ओपेल अ‍ॅस्ट्रा. मग जीएमच्याच शेवरलेटचं नाव आलं. आमच्याकडे सगळे म्हणायचे, अमेरिकन गाडी, पत्रा जाड. प्रत्यक्षात स्पार्क म्हणजे कोरियाच्या देवूची मॅटिझ, ऑप्ट्राही देवूचीच आणि टवेरा मुळात जपानच्या इसुझूची. देवूचा मोटारींचा धंदा जीएमनं 2002 मध्ये घेतला, म्हणून त्या गाड्यांवर शेवरलेटचा बिल्ला लागला. मॅटिझला नाकं मुरडणारी माणसं स्पार्क मात्र कौतुकानं घेऊन गेली. एप्रिल 2017 मध्ये हलोलचं उत्पादन थांबलं, त्याच वर्षाअखेर जीएमनं भारतात गाड्या विकणंही बंद केलं. कारखाना चीनच्या साइक या मोटार कंपनीनं घेतला आणि 2019 मध्ये तिथून एमजी या नावाखाली हेक्टर बाहेर पडली. आता एमजीच्या भारतातल्या कंपनीत जेएसडब्ल्यू या भारतीय उद्योगसमूहाचा 35 टक्के हिस्सा आहे. शेड तीच, गाव तेच, कामावर जाणारी कितीतरी माणसंही याच पट्ट्यातली.

आता एक प्रसंग. काही वर्षांपूर्वी एक काका माझ्याकडे दोन गाड्या घेऊन आले, म्हणजे दोन्हीचे मालक आले होते आणि यांना त्यातली एक घ्यायची होती. एक स्विफ्ट डिझेल, एक फियाट लिनिया डिझेल. दोन्ही साधारण एकाच वयाच्या. लिनिया कमी चाललेली, आतून स्वच्छ, सीटवर घडीसुद्धा नाही. काका म्हणाले, “स्विफ्टच बघा नीट. फियाट फक्त दाखवायला आणलीय, तिचं इंजिन कोण घेणार?” मी दोन्ही बॉनेट उघडली, वरची प्लास्टिकची झाकणं काढून बाजूला ठेवली आणि म्हटलं, काका, आता यातलं मारुतीचं कुठलं ते सांगा. ते वाकले, एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं, चष्मा पुसला. दोन्हीकडे तेच 1248 सीसीचं मल्टीजेट डिझेल इंजिन. फियाटचं डिझाइन, मारुती ते परवान्यावर बनवायची. टाटाच्या व्हिस्टात तेच, शेवरलेट सेल डिझेलमध्येही तेच. टर्बो वेगळा, ताकद थोडी इकडं तिकडं, पण गाभा एकच. आपल्याकडे या इंजिनाला लोक राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. मारुतीच्या बॉनेटखाली ते बिनतक्रार ठरलं आणि फियाटच्या, म्हणजे जन्मदात्याच्या, बॉनेटखाली कटकटीचं.

काकांनी शेवटी स्विफ्टच घेतली, लाखभर जास्त देऊन. आणि मी त्यांना अडवलं नाही. कारण ते इंजिनासाठी पैसे देत नव्हते. गावोगावी सापडणारा मिस्त्री, कोपऱ्यावर मिळणारा पार्ट आणि पाच वर्षांनी गाडी विकताना येणारा भाव, या तिन्हींचे ते पैसे होते. आपण “भरवशाची गाडी” म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा हेच म्हणत असतो.

अमेरिकेतही हेच झालंय. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला टोयोटा आणि जीएमचा नुम्मी नावाचा भागीदारीतला कारखाना होता. 1984 ते 2010 चालला. तिथून जवळजवळ एकच गाडी दोन नावांनी निघायची, टोयोटा कोरोला आणि जीएमची जिओ प्रिझम. जुन्या बाजारात कोरोलाला जास्त भाव. आपल्याकडची टोयोटाची ग्लान्झा बघा. सुझुकीच्या कारखान्यात बनलेली बलेनोच ती, पण “टोयोटा आहे, डोळे मिटून घ्या” असं सांगणारे मला आठवड्याला भेटतात.

हेक्टरचंही तेच. बाबांना विचारा, टाटा हॅरियर चालेल का? बहुतेक हो म्हणतील. 2019 च्या हेक्टर डिझेलमध्ये आणि हॅरियरमध्ये इंजिन एकच आहे, फियाटचं दोन लिटरचं, रांजणगावला बनणारं. जीप कंपासमध्येही तेच. तेव्हा ‘चिनी’ या एका शब्दावर डिझेल हेक्टर नाकारू नका. पेट्रोलची गोष्ट वेगळी, ते इंजिन वेगळं आहे, त्याची चौकशी स्वतंत्रपणे करा.

नाव सुधारायला मात्र फार वेळ लागतो. स्कोडावर युरोपात विनोद व्हायचे. 1991 मध्ये फोक्सवॅगननं हात घातला, गाड्या सुधारल्या, तरी विनोद पुढं कित्येक वर्षं चालू राहिले. ह्युंदाईनं 1998 मध्ये बुडालेली किया घेतली. त्याच सुमारास अमेरिकेत गिऱ्हाइकाचा विश्वास बसावा म्हणून ह्युंदाईला दहा वर्षांची वॉरंटी द्यावी लागली. बोलून कुणी ऐकत नव्हतं.

आणि एकत्र येण्याचा तोटाही असतो, तो जाहिरातीत येत नाही. एकच इंजिन पाच नावांखाली गेलं की त्यातला दोषही पाच नावांखाली जातो. 2015 मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल इंजिनातली धूर-चाचणीची लबाडी उघडी पडली तेव्हा ऑडी आणि स्कोडाही त्यात सापडल्या. भारतात तिघांच्या मिळून सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

आता बाबांचं बरोबर असलेलं अर्धं. कंपनी उठून गेली तर काय? भारत सोडून गेलेल्या एका कंपनीची गाडी माझ्या ओळखीच्या ताईंकडे होती. इंजिन ठणठणीत. पुढचा एक हेडलॅम्प फुटला आणि दोन महिने मिळेना. शेवटी भंगारातल्या गाडीचा काढून बसवला. त्या दोन महिन्यांत त्यांनी रात्री गाडी काढलीच नाही. ही भीती खरी आहे आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही.

म्हणून शोरूममध्ये बसून कागद वाचण्याआधी मागच्या वर्कशॉपमध्ये जा. पार्ट खिडकीवर विचारा: हेडलॅम्प, क्लच प्लेट, पुढचा शॉकअप, यातलं आज शेल्फवर काय आहे? नसेल तर किती दिवसांत, कितीला? तिथं गाडी घेऊन आलेल्या दोन-चार मालकांशी बोला. बाहेरचा कुठला मिस्त्री या गाडीला हात लावतो तेही विचारून ठेवा.

आणि ओळखीत कुणाची पाचेक वर्षं जुनी हेक्टर असेल तर एक दिवस मागून घ्या. घरचे सगळे बसवा, एसी चालू ठेवा आणि हलोलवरून पावागडच्या डोंगरावरच्या माचीपर्यंत चढवा. नवरात्रात मात्र नको, गर्दी असते. बाबांना पुढच्या सीटवर बसवा. उतरल्यावर ते काय म्हणतात ते मला कळवा.