लग्नाची वर्षं मोजू नकोस, सोबतीचे महिने मोज

पोरी,

तुझा निरोप वाचला आणि आधी राग आला. तुझ्यावर नाही. नवरा लडाखला पोस्टवर, तू पतसंस्थेतून सुटल्यावर एकटीच दवाखान्यात जातेस, आणि तिथे तुला आयव्हीएफचं पॅकेज समजावून सांगतात. "लग्नाला दोन वर्षं होत आली, आता वेळ दवडू नका." सासूबाई घरात हेच म्हणतात. आता तूही स्वतःला हेच म्हणायला लागलीस, ते मला जास्त लागलं. आणि शेवटी विचारलंस, युनिट पीसला, म्हणजे घरच्यांना सोबत ठेवता येतं अशा छावणीत आलं, की लगेच त्याच्याकडे जाऊ की क्वार्टर मिळेपर्यंत थांबू. फौजीच्या बायकोने लग्नाची वर्षं मोजायची नसतात, सोबतीचे महिने मोजायचे असतात.

मोज बरं माझ्याबरोबर. लग्नाची सुट्टी एक महिन्याची. त्यातले निम्मे दिवस पूजा, जागरण-गोंधळ, जेजुरी आणि पाहुण्यांच्या पंगतीत गेले. पुढच्या वर्षी तो यात्रेला आला, महिनाभर. २०२५ च्या मे महिन्यात आला, पण ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि चौथ्या दिवशी युनिटमधून फोन. बॅग उघडली न उघडली तोच परत भरली. मग गणपतीला दहा दिवसांची कॅज्युअल, म्हणजे छोटी सुट्टी. सगळं मिळून जेमतेम अडीच महिने.

जागतिक आरोग्य संघटना वंध्यत्व कधी म्हणते? नवरा-बायकोचे नियमित संबंध असून बारा महिने दिवस गेले नाहीत तर. बाईचं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर डॉक्टर सहा महिन्यांनीच तपासणी सुरू करतात, पण तू सत्तावीस वर्षांची आहेस. नियमित संबंध, हे शब्द नीट वाच. तुमचं वर्ष अजून पाव भागसुद्धा सरलेलं नाही. मग तुला वांझ ठरवण्याचा अधिकार कुणाला? दवाखान्यात परत गेलीस तर पहिलं वाक्य हेच बोल: आम्ही एकत्र राहिलो ते फक्त अडीच महिने. हे ऐकूनही पॅकेजचंच बोलणं चालू राहिलं, तर उठून ये.

आणि त्या अडीच महिन्यांत तरी दिवस जुळले होते का? पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी स्त्रीबीज सुटतं. ते फार तर एक दिवस टिकतं, शुक्राणू पाच दिवसांपर्यंत टिकतात. म्हणजे महिन्यात कामाचे दिवस सहाच्या आसपास. दहा दिवसांची कॅज्युअल त्या दिवसांच्या अलीकडे किंवा पलीकडे पडली, की ती सुट्टी त्या बाबतीत गेलीच. त्यात यात्रेच्या सुट्टीत तू पाळी लांबवायच्या गोळ्या घेतल्यास, हे तूच लिहिलंयस, आणि अगदी सहज लिहिलंयस. देवाचं करायचं होतं, घरात अडचण नको म्हणून. अगं, वर्षात एकदा नवरा महिनाभर घरी येतो आणि त्याच महिन्यात आपण शरीराचं चक्र हाताने बिघडवतो! आपल्याकडे घरोघरी हे चालतं आणि कुणी एक शब्द बोलत नाही. पुढच्या वेळी त्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. पालखीला हात लावायला नणंद आहे, जाऊ आहे.

एक वही कर. पाळीची तारीख, किती दिवस, पुढची कधी. सहा महिने लिहिलंस की अंदाज बसतो. तो अंदाज त्याला कळव. जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची कॅज्युअल सुट्टी असते. युनिटमध्ये सुट्ट्यांचा प्लॅन आधी बनतो, तेव्हा त्याला मागता आलं पाहिजे की साहेब, मला या आठवड्यात हवी. मिळेलच असं नाही. पण मागितलीच नाही तर यात्रा, लग्नकार्य आणि सोयाबीनची काढणी हेच त्याची तारीख ठरवणार.

त्याचीही तपासणी होऊ दे. सगळी रक्तं, सोनोग्राफ्या तुझ्या झाल्या, त्याची साधी वीर्यतपासणी कुणी सुचवली नाही. ती सगळ्यात सोपी आणि स्वस्त. आधीचे दोन ते सात दिवस वीर्यपात झालेला नसावा, एवढंच पथ्य, म्हणजे सुट्टीच्या पहिल्या आठवड्यातच उरकता येते. तू मात्र हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघून घे, आणि डॉक्टरांना विचारून फॉलिक ॲसिड महिना-दोन महिने आधीपासून सुरू कर. पुढे खरंच उपचारांची गरज पडली, तर शुक्राणू गोठवून ठेवायची सोय आहे. २०२१ च्या कायद्याने ते दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात, तुम्हा दोघांच्या लेखी संमतीने. तो सीमेवर असतानाही उपचार अडत नाहीत. पण ते पुढचं. आधी सोबतीचे महिने तर होऊ देत.

आता लेहचं. जानेवारीत विमानाने जाऊन त्याला दोन दिवस भेटून येते म्हणतेस. तुझी ओढ मला कळते, तरी नको म्हणते. लेह साडेतीन हजार मीटरवर. विमानातून उतरलीस की पहिले दोन दिवस खोलीत पडून राहावं लागतं, नाहीतर डोकं फुटायला लागतं, उलट्या होतात. थंडी उणे पंधरा-वीस. आणि दिवस गेलेत की नाही हे कळायच्या आधीच्या आठवड्यांत त्या उंचीवर तू जावंस, हे मला अजिबात पटत नाही. शिवाय तो पोस्टवरून लेहला खाली येऊ शकेल याची खात्री कोण देणार? बर्फ पडला की सगळे बेत बदलतात.

त्यापेक्षा चंदीगडला भेटा. लडाखहून सुट्टीवर येणारे बरेच जवान विमानाने तिथेच उतरतात, ट्रान्झिट कॅम्प तिथे आहे. तो गावापर्यंत येऊन परत जाणार म्हणजे दहा दिवसांतले चार गाडीत. तू दीड दिवस प्रवास करून गेलीस, तर त्याचे ते चार दिवस तुमचे. सासूबाई म्हणतील, पोरगा खाली आला आणि आईला तोंड न दाखवता गेला. म्हणू देत. मोठी सुट्टी घरच्यांची, छोटी सुट्टी तुमची, हे एकदा शांतपणे सांगून टाका. तूच बोल, त्याला बोलायला लावू नकोस. आईपुढे ते गप्प बसतात, कितीही बर्फात राहिलेले असोत.

तिकिटाचंही तेच. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि त्याची सुट्टी मंजूर होते त्याच्या कितीतरी नंतर. म्हणून तू थांबतेस, आणि मग वेटिंग लिस्ट. थांबू नकोस. तुझं तिकीट तू काढ. सुट्टी रद्द झाली तर तिकीट रद्द कर, थोडे पैसे कापले जातील. ते पैसे घरखर्चात धरायचे, दूध-किराण्यासारखे. मी आयुष्यभर धरले. आमचे सुभेदार चिडायचे, उधळपट्टी म्हणायचे. मी म्हणायचे, तुमची सुट्टी सरकारच्या हातात, माझं तिकीट माझ्या हातात.

माझा हट्ट कुठून आला ते सांगते. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला, आणि पाठोपाठ ऑपरेशन पराक्रम, सीमेवर सगळ्या फौजेची जमवाजमव. सगळ्यांच्या सुट्ट्या बंद. मला तेव्हा तिसरा महिना. हे राजस्थानात तंबूत, सभोवती सुरुंग पेरलेले. फोन यायचा तो गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एसटीडी बूथवर. बूथवाल्याचा पोरगा पळत यायचा, मी पोट सावरत जायचे, तोवर लाइन तुटलेली असायची. मुलगी झाली तेव्हा यांना दोन दिवसांनी कळलं. ऑक्टोबरात फौज मागे घ्यायचं ठरलं, आणि यांनी लेकीला पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती उपडी पडायला लागली होती. यांच्या दाढीला घाबरून ती किंचाळली. यांनी तिला माझ्याकडे परत दिली आणि मागच्या दारी जाऊन उभे राहिले.

त्या दिवसापासून मी ठरवलं, एकत्र राहता येईल असा एक महिनाही सोडायचा नाही. यांना झाशीजवळची बबीना छावणी मिळाली, तेव्हा क्वार्टरची यादी लांब होती. सगळे म्हणाले, नंबर लागू दे, मग जा. मी तान्ही लेक, स्टोव्ह आणि दोन ट्रंका घेऊन साताऱ्यात गोवा एक्स्प्रेसला बसले आणि झाशीला उतरले. बाहेर भाड्याची खोली, वर पत्रा. मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं ते बुंदेलखंडात राहिलेल्यालाच विचार. ओल्या चादरी टांगून दुपार काढायची. पण रोज संध्याकाळी ते सायकलवरून घरी यायचे. लेक त्यांना ओळखायला लागली.

त्याच उन्हाळ्यात माझे वडील गेले. अर्धांगाचा झटका आला आणि मी पोहोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं. भाऊ अजून बोलून दाखवतो, तू गावात असतीस तर आबांना वेळेवर दवाखान्यात नेलं असतं. मी त्याचं ऐकून घेते. आबांचं शेवटचं बोलणं माझ्या वाट्याला आलं नाही, ते दुःख जात नाही, जाणारही नाही. पण बबीनाला गेले म्हणून चुकलं, असं माझ्याकडून कुणी वदवून घेऊ शकलं नाही. मी थांबले असते तर नंबर लागायला आठ-दहा महिने लागले असते, आणि त्यानंतर वर्षभरात युनिट परत फील्डला, बायकापोरांना नेता येत नाही अशा जागी गेलं. माझ्या लेकीला बापाबरोबरचे ते महिने कुणी दिले असते? भावाने? गावाने? हे लिहिताना माझा आवाज चढतोय, मला कळतंय. पण तू विचारलंस, तेव्हा हे सगळं तुला माहीत असलं पाहिजे. सोबतीचे महिने फुकट मिळत नाहीत, आणि त्यांची किंमत कधी येईल ते आधी सांगून येत नाही.

म्हणून तुझ्या मुख्य प्रश्नाचं माझं उत्तर: पुढच्या उन्हाळ्यात युनिट पीसला आलं की तू जायचं. पहिल्या महिन्यात. क्वार्टर मिळो न मिळो. पीस म्हणजे दोन-तीन वर्षं, त्यातून युद्धसराव, कोर्स, गार्ड ड्युट्या वजा कर. थांबायला त्यात जागा नाही. मुलासाठी तुमचे खरे बारा महिने तिथे सुरू होतील. तोवर इंजेक्शनं नकोत, रडणं नको. चंदीगडच्या भेटीत दिवस राहिले तर आनंदच, म्हणून काही टाळायचीही गरज नाही. पण मूल व्हावं म्हणून पीसला जायचं, असं मनात धरू नकोस. नवऱ्याबरोबर राहायला जायचं. मूल झालं नाही तरी ते महिने तुमचेच राहतात.

नोकरीचं म्हणशील तर राजीनामा लगेच देऊ नकोस. बिनपगारी रजा माग, लेखी माग. नाही म्हणाले तर तेव्हा बघू. तुला हिशेब येतो, टॅली येतं, छावणीच्या गावात काम मिळतं. ही नोकरी सोडायचं दुःख मी हलकं मानत नाही. तुझ्या आईने तुला किती ओढाताण करून शिकवलं ते मी बघितलंय. पण तू ते दुःख मुलाच्या काळजीत मिसळू नकोस. दोन वेगळे प्रश्न आहेत, वेगळे सोडव.

बाळंतपण कुठे, हे आत्ताच विचारतेस! पहिलं माहेरी, ही रीत मला मान्य आहे, पण तो पीसला असेल तर छावणीतच कर, एमएच, म्हणजे फौजेचा दवाखाना, जवळ असेल तर तिथेच. आईला तिकडे बोलावून घे. माहेरी यायचंच ठरलं तर सातव्या महिन्यातच प्रवास कर, खालचा बर्थ घेऊन, कुणाच्या तरी सोबतीने. विमानाने येणार असशील तर बत्तीस आठवड्यांनंतर बऱ्याच कंपन्या डॉक्टरांचा दाखला मागतात आणि छत्तीसनंतर सहसा नेत नाहीत.

एक राहिलं, आणि ते तू अजून केलेलं नाहीस याची मला जवळजवळ खात्री आहे. लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या दप्तरातली लग्नाची नोंद, निघालीय का? ती निघाल्याशिवाय फौजेच्या कागदावर तू त्याची बायको नाहीस. डिपेंडंट कार्ड नाही, एमएचमध्ये उपचार नाहीत, क्वार्टरच्या यादीत नाव नाही. लग्नाचा नोंदणी दाखला, दोघांचा जोड फोटो आणि आधार त्याच्याकडे पाठवलेत का? दाखल्यातल्या आणि आधारमधल्या नावाचं स्पेलिंग एक आहे का, ते अक्षर-अक्षर लावून बघ. तुझं माहेरचं नाव एकीकडे आणि सासरचं दुसरीकडे असेल, तर ते आत्ताच दुरुस्त कर. कंपनी क्लार्क त्यावरून कागद परत पाठवतो आणि दोन-तीन महिने जातात. आज रात्री त्याचा फोन आला, की बाकी काही बोलायच्या आधी हे विचार, आणि तो काय म्हणाला ते मला उद्या कळव. अडलं असेल तर यांना सांगते, त्यांच्या ओळखीतले क्लार्क अजून नोकरीत आहेत.

तुझी,
काकू