चार लेनच्या गेटवर, गाडीच्या काचेवरचा टॅग रेडिओ लहरींनी वाचणारे चार यूएचएफ टॅग रीडर आहेत. काही वेळा टॅग वाचलेच जात नाहीत. प्रत्येक रीडरला वेगळा चॅनल (वेगळी फ्रिक्वेन्सी) दिला तर भागेल का?

पूर्ण नाही भागणार. हा सल्ला इतका सर्रास दिला जातो की उत्तर द्यायलाच हवं. वेगळ्या चॅनलमुळे एका रीडरचा दुसऱ्या रीडरला होणारा त्रास कमी होतो. टॅगला होणारा त्रास मात्र तसाच राहतो, कारण पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी नसलेल्या, टॅगमध्ये चॅनल निवडणारा फिल्टरच नसतो. एक रीडर 865.7 मेगाहर्ट्झवर बोलतोय, दुसरा 867.5 वर, तरी काचेवरच्या टॅगला दोघं एकदम ऐकू येतात. दोन्ही सिग्नल साधारण सारख्याच ताकदीचे असले की त्याला आज्ञा कळत नाही आणि तो उत्तरच देत नाही. बाहेरून वाटतं रेंज कमी पडतेय. मग कोणीतरी पॉवर वाढवतं आणि शेजारच्या लेनचे टॅगही वाचले जायला लागतात.

खरा उपाय म्हणजे वेळ वाटून द्या. लेन 1 आणि 3 चे रीडर एका स्लॉटमध्ये (ठरलेल्या वेळेत), 2 आणि 4 दुसऱ्यात, स्लॉट 50 मिलिसेकंदांचा. ताशी 60 किमी वेगाची गाडी 5 मीटरचा रीड झोन 0.3 सेकंदात ओलांडते, म्हणजे तिला तिच्या लेनचे तीन स्लॉट मिळतात. गाड्या थांबूनच जात असतील तर त्याहून सोपं: रस्त्यातल्या लूप डिटेक्टरचा (गाडी वर आली की ओळखणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा) सिग्नल रीडरच्या इनपुटला द्या आणि गाडी लूपवर असेल तेव्हाच कॅरियर (रीडरचं प्रक्षेपण) चालू ठेवा.

पॉवर अंदाजाने ठेवू नका. गाडी लेनमध्ये उभी करून पॉवर एकेक डीबीने (डेसिबलने) उतरवत जा, टॅग वाचणं थांबलं की तिथून 3 डीबी वर या. मग तीच गाडी शेजारच्या लेनमध्ये उभी करा. तिथेही टॅग वाचला गेला तर आधी अँटेनाचा कोन बदला. रीडर आणि अँटेनामधल्या केबलवर काटकसर करू नका: 10 मीटर आरजी-58 मध्ये सुमारे 5 डीबी जातात, एलएमआर-400 मध्ये सव्वा डीबीच्या आसपास. केबल बदलल्यावर प्रक्षेपणाची कायदेशीर मर्यादा पुन्हा तपासा.

चॅनल वेगळे करायचेच असतील तर जरूर करा, सोबत डेन्स रीडर मोडही (जवळजवळ असलेल्या अनेक रीडरसाठीची सेटिंग) लावा. 902–928 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात रीडर हॉपिंग करतात, म्हणजे आपोआप चॅनल बदलत राहतात, तिथे चॅनल नेमून देण्याचा प्रश्नच येत नाही. आणि जवळ 869–894 वर चालणारा मोबाइल टॉवर असेल तर वरचं सगळं करूनही 865–868 चा रीडर बहिरा होऊ शकतो, म्हणजे त्याला टॅगचं उत्तर ऐकू येत नाही. खांब रोवण्याआधी स्पेक्ट्रम ॲनालायझरने (कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते दाखवणाऱ्या उपकरणाने) मोजा. गरज पडली तर अँटेना लाइनमध्ये कॅव्हिटी फिल्टर (टॉवरचा सिग्नल अडवणारा) घाला, पण रीडरची ट्रान्समिट पॉवर सोसणाराच.