महागाईची बातमी लिहिताना

प्रिय मित्रास,
सप्रेम आशीर्वाद.

गेल्या दहा वर्षांतील महागाईवर तू दैनिकासाठी लिहायला घेतलेस, याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र तुझ्या कच्च्या मजकुरात किराणा, गॅस आणि डिझेल यांचेच भाव आहेत. शेतकऱ्याने जे विकले त्याचा भाव कुठेच नाही. आपल्या यवतमाळ भागात कापसाचे गणित मांडल्याशिवाय घरखर्चाचे गणित कळत नाही.

मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव 2014-15 मध्ये क्विंटलला 3,750 रुपये होता आणि 2024-25 मध्ये तो 7,121 झाला. लागवडीचा खर्च कसा वाढला हे न सांगता एवढेच छापले तर शेतकरी सुखात आहे, असा वाचकाचा समज होईल. बियाण्यामुळेच खर्च वाढला असेही लिहू नकोस, कारण बीजी-2 या जनुकबदल केलेल्या कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटाची सरकारने ठरवलेली कमाल किंमत 2016 मध्ये 800 रुपये होती, तर 2024 मध्ये 864. खरा पैसा जातो तो फवारणी, निंदण आणि वेचणीत. 2017 साली गुलाबी बोंडअळीने केलेला घात तर अजून कोणी विसरलेले नाही. वेचणीचा किलोमागचा दर कसा वाढत गेला, हे वेचणाऱ्या बायांनाच विचार, त्यांना तो तोंडपाठ असतो. पण ती वाढ तक्रारीच्या सुरात मांडू नकोस, कारण त्याच मजुरीवर त्यांच्या घरचा किराणा येतो.

पूर्वी भाव एसटीने आलेल्या पेपरात शिळाच वाचायला मिळे, पण त्यासोबत बाजार समितीचे नाव, आवक, किमान आणि कमाल दर असत. 2016 नंतर स्वस्त इंटरनेट गावोगाव पोहोचले आणि आता ‘कापूस 7500’ एवढाच मजकूर मोबाईलवर फिरतो. त्यात ना तारीख, ना गाव, ना कापसाची प्रत. त्या भरवशावर गाडी भरून नेली आणि कापसातला ओलावा 8 टक्क्यांपेक्षा जास्त निघाला, तर सरकारी खरेदीत भाव कापला जातो; 12 टक्क्यांच्या वर गेला, तर माल परत आणावा लागतो आणि गाडीभाडे अंगावर पडते. 2021-22 च्या हंगामात खुल्या बाजारात कापूस 10,000 रुपयांच्या वर गेला, ही बातमी खरीच होती. परंतु उधारी फेडण्यासाठी दिवाळीलाच विकून मोकळे झालेल्यांना तो भाव मिळाला नाही, हे फार थोड्यांनी लिहिले.

तेव्हा दोन-तीन घरांतील जुन्या काटापट्ट्या (माल विकताना मिळालेल्या वजन-भावाच्या पावत्या) आणि किराण्याच्या वह्या शेजारी ठेवून, प्रत्येक भावापुढे तारीख व बाजार नोंदवून मजकूर नव्याने लिही आणि छापायला देण्यापूर्वी मला पाठव.

तुझा शुभचिंतक