वाचक विचारतात: खाटेएवढं घर

प्रश्न: हाँगकाँगमधल्या घरांचे फोटो बघितले आणि खरं सांगते, झोपच उडाली. एवढं श्रीमंत शहर आणि माणसं अशी खुराड्यात का राहतात? तिथे जमीनच उरली नाही म्हणून का? (कॉलेजात शिकणारी एक वाचक)

जमीन नाही हे उत्तर सगळेच देतात, आणि ते अर्धंच खरं आहे. हाँगकाँग साधारण ११०० चौरस किलोमीटरचं, लोकसंख्या ७५ लाखांच्या आसपास, पण त्या सगळ्या जमिनीपैकी राहत्या घरांखाली आहे जेमतेम ७ टक्के. जवळजवळ ४० टक्के जमीन राखीव उद्यानं आणि जंगलात आहे, बरीचशी डोंगरउताराची आहे, ती तशीच राहू द्यावी असं मला मनापासून वाटतं, कारण ज्याच्या घरात पाय पसरायला जागा नाही त्याला निदान रविवारी मोकळा श्वास घ्यायला तेवढंच आहे. पण त्यापलीकडेही जमीन आहे. उत्तरेकडे जुनी शेतं पडीक पडलीयेत, त्यावर कंटेनर रचून ठेवलेत, भंगाराची गोदामं आहेत. फानलिंगचं गोल्फचं मैदान एकटं १७२ हेक्टरचं, त्यातले ३२ हेक्टर सरकारने २०२३ मध्ये परत घेतले, तेही केवढ्या वादानंतर.

तुम्ही फोटोत बघितलंत त्याला तिथे तोंग फोंग म्हणतात, म्हणजे कापलेली खोली, आणि त्यातलं 'तोंग' हे जनावर कापण्यासाठी वापरतात तेच क्रियापद. जुन्या बिल्डिंगमधला एक फ्लॅट घ्यायचा, पातळ पार्टिशन टाकून त्याचे चार-पाच तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला पाण्याचा पाइप आणि ड्रेनेज ओढून घ्यायचं आणि वेगवेगळं भाड्याने द्यायचं. म्हणून शेगडी कमोडच्या शेजारी येते, कारण पाइप तिथेच आलेला असतो. दोन मजली पलंग, वरच्या मजल्यावर कपडे आणि खोकी, खालच्यावर आई आणि मूल, त्याच पलंगावर घडीचं टेबल उघडून जेवायचं, ते पुसलं की त्याच्यावरच मुलाचा अभ्यास, आणि तो संपेपर्यंत आईला आडवं होता येत नाही. २०२१ च्या जनगणनेत अशा घरांत दोन लाखांहून जास्त माणसं होती आणि माणशी जागा साधारण ६ चौरस मीटर, म्हणजे ६५ स्क्वेअर फूट. सगळ्या शहराचा आकडाही १६ चौरस मीटरच होता, म्हणजे बरी परिस्थिती असलेलेही काही ऐसपैस राहत नाहीत.

आता हे झालं कसं, तर हे शहर घरं बांधत होतं हो, आणि भरपूर बांधत होतं. १९५३ च्या नाताळच्या रात्री शेक किप मेईच्या झोपड्यांना आग लागली आणि पन्नास हजारांवर माणसं एका रात्रीत उघड्यावर आली. त्यानंतर सरकारने पटापट चाळीवजा इमारती उभ्या केल्या, मोठ्या माणसाला २४ स्क्वेअर फूट, लहान मुलाला त्याच्या निम्मे, नळ आणि संडास सामायिक. वाईटच, पण डोक्यावर पक्कं छप्पर होतं आणि भाडं झेपेल असं होतं. पुढे १९७२ मध्ये ब्रिटिश गव्हर्नर मॅकलेहोसने दहा वर्षांत १८ लाख लोकांना घरं द्यायची योजना जाहीर केली, ती वेळेत पुरी झाली नाही, तरी काम थांबलं नाही.

थांबलं ते २००२ मध्ये, आणि मला विचाराल तर मूळ दुखणं इथेच आहे. १९९७ मध्ये वर्षाला ८५ हजार घरांचं टार्गेट जाहीर झालं होतं, तेवढ्यात आशियातलं आर्थिक संकट आलं, किमती २००३ पर्यंत जवळजवळ दोन तृतीयांशाने कोसळल्या, लाखभर लोकांचं कर्ज घराच्या किमतीपेक्षा मोठं झालं. ज्यांची घरं होती ते हवालदिल झाले, आणि सरकारने किमती सावरायला जमिनीचे लिलाव थांबवले, स्वस्तात विकत द्यायच्या घरांची योजनाही गुंडाळली. आज जमीन काढली तर घर उभं राहायला दहा-दहा वर्षं जातात, त्यामुळे तेव्हा जे थांबलं त्याची टंचाई पुढे एक अख्खी पिढी भोगत बसली. त्यात तिथे जवळपास सगळी जमीन सरकारच्या मालकीची, बिल्डरला लीजवर मिळते, त्या पैशाची सरकारच्या तिजोरीत बरीच वर्षं मोठी भर पडत आली, म्हणजे जमीन महाग राहण्यात सरकारचाही फायदा. घर असलेल्याला वाचवताना घर नसलेल्याचा विचार कुणी केला नाही, याचा मला आजही राग येतो.

प्रश्न: मग अशा खोल्यांवर सरळ बंदी का घालत नाहीत?

२०२५ मध्ये कायदा झालाय. खोली किमान ८ चौरस मीटरची हवी, उंची २.३ मीटर, खिडकी हवी, संडास स्वतंत्र हवा. चांगलंच आहे, खिडकी नसलेल्या खोलीत मूल वाढू नये याबद्दल दुमत असायचं कारण नाही. पण नुसती खाट भाड्याने देतात त्याला हा कायदा लागू नाही. फ्लॅटमध्ये लाकडी फळ्या ठोकून एकावर एक कप्पे करतात, माणूस आत सरपटत जातो आणि ताठ बसूही शकत नाही, त्यांच्यासाठी १९९४ चा वेगळा कायदा आहे आणि तो एका फ्लॅटमध्ये १२ किंवा जास्त खाटा असतील तरच लागतो. लहान खोली बंद झाली आणि मोठीचं भाडं झेपत नसेल तर माणूस कुठे जाणार, तर त्या कप्प्यात. म्हणून आधी सरकारी घराची चावी हातात द्या, मग खोली बंद करा, हा क्रम उलटा झाला तर मार गरिबालाच बसतो.

प्रश्न: सिंगापूर तर याहून लहान, तिथे कसं जमलं?

तिथेही आगीतूनच सुरुवात झाली. १९६१ मध्ये बुकित हो स्वी इथली वस्ती जळाली, त्याच्या आदल्या वर्षीच गृहनिर्माण मंडळ स्थापन झालं होतं, १९६६ मध्ये जमीन ताब्यात घ्यायचा कडक कायदा आला (ज्यांची जमीन गेली त्यांना मोबदला फार कमी मिळाला, हेही सांगायला हवं) आणि आज दहातली आठ माणसं मंडळाच्या घरात राहतात, बहुतेक ९९ वर्षांच्या लीजवर स्वतःच्या मालकीच्या.

प्रश्न: हाँगकाँगमध्ये सरकारी घराला नंबर किती वर्षांनी लागतो?

सरकारचं आश्वासन तीन वर्षांचं, गेल्या काही वर्षांत सरासरी पाच-सहापर्यंत गेली. पण ही सरासरी कुटुंबांची आणि एकट्या वृद्धांची. एकटे तरुण आणि मध्यमवयीन अर्जदार त्यात धरतच नाहीत, त्यांना २००५ पासून पॉइंट मिळतात, वय वाढलं की पॉइंट वाढतात, दर महिना थांबलं की आणखी वाढतात. पंचविशीत अर्ज केलेला मुलगा म्हातारा होत जातो तसतसा यादीत वर सरकतो.